यजमानाचा आग्रह

मकरंद हसबनीस गेली कित्येक वर्षं सतत लिहीत होता आणि त्यातलं कोणी काही वाचलं नव्हतं. तो कवी नव्हता. कवीचं निदान दुसरे कवी तरी ऐकून घेतात. मकरंद माहितीपुस्तिका लिहायचा. पाण्याचे पंप, गिझर, दवाखान्याची बिलं करणारं सॉफ्टवेअर, जे समोर येईल ते कसं वापरावं हे तो जीव ओतून लिहायचा, आणि लोक पुस्तिका पिशवीतून बाहेरही न काढता पंप सुरू करून मोकळे व्हायचे. घरातल्या मिक्सरची पुस्तिकासुद्धा त्यानेच लिहिली होती. तरी भांडं अडकलं की त्याची बायको नयना त्यालाच हाक मारायची.

"सगळं लिहिलंय त्यात," मकरंद म्हणायचा.

"तू आलास की पटकन निघतं," नयना म्हणायची, आणि खरंच निघायचं.

त्यामुळे त्या शुक्रवारी ऑफिसात प्रणीतने जे सांगितलं ते ऐकून मकरंदला आधी खरंच वाटेना. प्रणीत म्हणजे कोरमंगलातल्या त्या छोट्या कंपनीचा मालक. वयाने मकरंदपेक्षा बराच लहान, बंगळूरच्या जुन्या मराठी घराण्यातला. त्याचे पूर्वज इकडे घोड्यावरून आले होते म्हणे. प्रणीत स्कूटरवरून यायचा.

"सर, ह्या वेळचं डॉक्युमेंटेशन माणसांसाठी नाही. ते यजमान वाचणार."

'यजमान' हे कंपनीचं एकुलतं एक अपत्य. मंगल कार्यालयाचा फोन घेणारा, तारखा ठरवणारा, भाजी मागवणारा एक एआय एजंट. म्हणजे माणूस नाही, पण गोड बाईच्या आवाजात मराठी, कन्नड, इंग्रजी सगळं बोलायचा. हुशारही होता. फक्त डेटाबेसमधल्या टेबलांशी त्याचं जमत नव्हतं. ओळी आणि रकाने असलेल्या त्या तक्त्यांमध्ये काय आहे ते न बघताच तो अंदाज बांधायचा. मागच्या महिन्यात त्याने गिऱ्हाइकाच्या फोन नंबरचा रकाना म्हणजेच पानांची संख्या असं समजून तांदूळ मागवला होता. तांदळाच्या व्यापाऱ्याने हिशेब केला, आणि हे धान्य कर्नाटकात मावणार नाही असं नम्रपणे कळवलं.

त्यावर उपाय म्हणून इंजिनियर मंडळींनी 'टेबल इन्स्पेक्टर' नावाचं एक टूल बनवलं होतं. कुठल्याही टेबलाला हात लावण्याआधी यजमानाने या टूलमधून आत डोकावायचं. रकाने कोणते, तारीख कुठे, नाव कुठे, नमुन्याच्या दोन-चार ओळी कशा दिसतात, ते पाहायचं आणि मगच कामाला लागायचं. हे टूल कसं वापरावं ते आता यजमानाला लिहून द्यायचं होतं.

"प्रत्येक कामाच्या आधी तो तुमचं लिखाण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल," प्रणीत म्हणाला. "एक शब्द सोडणार नाही. आणि लिहिलंय अगदी तसंच वागेल."

"प्रत्येक वेळी वाचेल?" मकरंदने विचारलं.

"प्रत्येक वेळी, सर." मग प्रणीतने खुर्ची जवळ ओढली. "पण एक आहे. यशवंतपूरचं मामांचं लग्नाचं मंटप हे आपलं पहिलं गिऱ्हाईक. पुढच्या शनिवारपर्यंत यजमान नीट वागला तर मामा सही करणार. नाही वागला तर पैसे घालणारे लोक म्हणतायत, हे लिखाणाचं कामपण मशीनकडेच द्या. मग तुमची टीम ठेवणं मला कठीण आहे."

टीम म्हणजे मकरंद एकटाच होता. पण त्याला त्या क्षणी नोकरीची भीती वाटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाचक मिळाला होता.

त्याच दुपारी तो प्रणीतच्या मामांना, म्हणजे नरसिंहरावांना, भेटायला मंटपात गेला. नरसिंहराव भारदस्त गृहस्थ. कपाळावर गंध, खांद्यावर पंचा. त्यांनी कोठीतला कॉम्प्युटर दाखवला. तो तेलाच्या डब्यांच्या शेजारी, हळदीच्या धुरळ्यात बसून होता.

"सगळी टेबलं ह्याच्यातच आहेत, मकरंद अण्णा. पण हे स्वल्प लाजतं हो. पहिल्यांदा विचारलं की काही नाही म्हणतं. परत विचारा, गोडीनं विचारा, मग सगळं सांगतं."

मकरंदने करून पाहिलं. खरंच, टेबलात काय आहे असं पहिल्यांदा विचारलं की कॉम्प्युटर झोपेतून उठल्यासारखा म्हणायचा, ओळी नाहीत. दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा विचारलं की भराभर ओळी यायच्या. इंजिनियरांच्या भाषेत यावर एका शब्दाचा इलाज होता, 'रीट्राय'. पण इतका चांगला वाचक मिळालेला असताना एका शब्दावर भागवणं मकरंदच्या जिवावर आलं.

रविवारी घरी श्रीखंड होतं. नयनाचे वडील मधुकरराव नेहमीप्रमाणे जेवायला आले होते. ते सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून तरुणपणी नाशिकहून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. पत्नी गेल्यापासून विद्यारण्यपुराच्या घरात एकटे राहायचे. जेवणं चालू असताना खालच्या मजल्यावरची देवश्री वाटी परत द्यायला आली.

"बस गं, दोन घास खा," नयना म्हणाली.

"नको नको, आत्ताच जेवलेय."

"श्रीखंड आहे."

"अगं खरंच नको, पोट भरलंय."

"एवढीशी वाटी. माझ्यासाठी."

देवश्री बसली, आणि पुऱ्यांसकट दोन वाट्या श्रीखंड खाऊन उठली. हे पाहून मकरंदच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो मूळचा सांगलीचा. पहिल्या 'नको'ला वाढणाऱ्याने ताटावरून हात मागे घेतला तर त्यांच्याकडे तीन पिढ्या बोलणं बंद व्हायचं. कॉम्प्युटर दुसरं काय करत होता? संकोचच ना?

"बाबा, तुम्हाला अजून?" नयनाने विचारलं.

"नको."

"बरं," म्हणत तिने भांडं झाकलं. मधुकररावांचं नको म्हणजे नको, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. त्यांना आग्रह आवडत नाही.

"पुढच्या शनिवारी तुमची पंचाहत्तरी," नयना म्हणाली. "काहीतरी करूया ना?"

"काही करायचं नाही."

"बरं," नयना म्हणाली. मकरंदने जेवण अर्ध्यावर टाकून लॅपटॉप उघडला.

लिहिलं त्याने इंग्रजीत, पण त्यातला विचार सगळा सांगलीचा होता. रकाने कसे ओळखावेत, नमुन्याच्या ओळींना अख्खं टेबल समजू नये, वगैरे त्याने शिस्तीत मांडलं. आणि सगळ्यात वर, पहिल्या नियमाच्या जागी, मनापासून लिहिलं की समोरून पहिल्यांदा नकार आला तर तो खरा मानू नये. तो बहुधा संकोच असतो. पुन्हा विचारावं, आधीपेक्षा जास्त आपुलकीने. तिसऱ्यांदाही नकार आला तरच तो नकार समजावा. लिहून झाल्यावर त्याने ते मोठ्याने वाचलं. त्याला फार आवडलं. समोरून म्हणजे कोणाकडून, हे लिहायचं राहिलं, पण त्याच्या डोळ्यांपुढे तेव्हा हळदीने माखलेला कॉम्प्युटरच होता.

सोमवारी चाचणी झाली. यजमानाने मकरंदचं लिखाण वाचलं आणि कोठीच्या टेबलात डोकावला. कॉम्प्युटर नाही म्हणाला. यजमानाने परत विचारलं. ओळी आल्या. फोन नंबर फोन नंबरच्या जागी, पानं पानांच्या जागी. सगळं ऑफिस टाळ्या वाजवायला लागलं.

"सर, नंबर एक!" प्रणीत म्हणाला. "मी काय करतो, हे तुमचं लिखाण सगळ्याच एजंटांना देतो. आपल्याच ऑफिसात रजेचे, पगाराचे अर्ज बघणारा आहे ना, त्यालापण. तोसुद्धा टेबलंच बघतो की."

"छे, छे, एवढं काही खास नाही त्यात," मकरंद म्हणाला.

"बरं मग राहू द्या."

"नाही, म्हणजे द्यायला हरकत नाही," मकरंद घाईने म्हणाला.

तो आठवडा मकरंदने हवेत तरंगत काढला. आपले वाचक रोज शेकडो वेळा आपल्याला पहिल्या ओळीपासून वाचतायत, या कल्पनेने त्याला झोपेत हसू यायचं. ऑफिसात मात्र माणसं कमी दिसायला लागली होती. गुरुवारी ईराचा, म्हणजे व्हाइटफील्डहून येणाऱ्या प्रोग्रॅमरचा, फोन आला. पाठीमागे हत्तींचा आवाज होता.

"सर, मी म्हैसूरला आहे. मला यायचंच नव्हतं हो. रजा रद्द करा म्हणून मेल टाकली, तर आपला तो रजेचा एजंट म्हणतो, असं कसं, संकोच करू नका, घ्या रजा. परत नको म्हटलं तर म्हणतो, दमलेल्या वाटताय. आता कोणी इतकं म्हणतंय म्हटल्यावर बरं नाही वाटत ना!"

मकरंद हसला. कंपनीत कधी नव्हे ते कोणी प्रेमाने वागतंय, एवढंच त्याला वाटलं. वाटायला हवं होतं ते शनिवारी सकाळी वाटलं, जेव्हा नरसिंहरावांचा फोन आला.

"मकरंद अण्णा, ताबडतोब या. तुमच्या यजमानानं माझं मंटप भरून टाकलंय!"

"भरलं? मग चांगलंच की."

"अय्यो, तुम्ही या तर!"

मकरंद चपला घालत होता तेवढ्यात नयना फोन हातात घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा फोन उचलत नाहीयेत. आज पंचाहत्तरी, सकाळपासून चार वेळा लावला. ते कधी असं करत नाहीत."

दोघं गाडीत बसली आणि आधी विद्यारण्यपुराला गेली. दाराला कुलूप होतं. शेजाऱ्यांनी सांगितलं, साहेब सकाळीच रेशमी कुर्ता घालून रिक्षाने गेले. नयनाने बाबांच्या अंगावर गेल्या कित्येक वर्षांत रेशमी काही पाहिलं नव्हतं. तिला रडूच फुटलं. "पंचाहत्तरीला माणसं असं काहीतरी करतात रे," ती म्हणाली. काहीतरी म्हणजे काय ते तिलाही सांगता येईना. मकरंदने तिला धीर दिला आणि मंटप वाटेवरच आहे, दोन मिनिटं तिथे डोकावून पुढे शोधायला जाऊ, असं ठरलं.

मंटपाच्या दारात चपलांचा ढीग होता. आत जिकडे तिकडे माणसं. व्यासपीठावर एका कन्नड घरातला साखरपुडा चालला होता. त्याच व्यासपीठाच्या डाव्या कोपऱ्यात भजनी मंडळाच्या बायका टाळ घेऊन बसल्या होत्या आणि उजव्या कोपऱ्यात बँकेतल्या कुणाचा तरी निवृत्तीचा सत्कार सुरू होता. साखरपुड्याच्या भटजींनी श्वास घेतला की सत्कारवाले भाषण करत, आणि सत्कारवाले थांबले की टाळ वाजत. कोणी भांडत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर, आपण इथे कसे आलो, असं एक सभ्य आश्चर्य होतं.

कोठीत नरसिंहराव डोक्याला हात लावून बसले होते. समोर तांदळाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून प्रणीत घामाघूम झाला होता. उरलेल्या जागेत छतापर्यंत पडवळं रचली होती.

"हे काय झालं?" मकरंदने विचारलं.

"मी त्याला एवढंच म्हटलं," नरसिंहराव म्हणाले, "जेवणाच्या हॉलमध्ये जागा मोकळी राहिली तर जुन्या गिऱ्हाइकांना स्वल्प विचारून बघ. त्यानं टेबल बघितलं. बरोबर बघितलं हो, नावं बरोबर, तारखा बरोबर. कुणाचा वाढदिवस, कुणाचं काय. मग एकेकाला फोन. लोक नको म्हणाले, म्हणणारच. तर हा परत विचारतोय! आणि परत विचारतोय! इतक्या गोडीनं विचारतोय की सगळे हो म्हणाले. मग साखरपुडावाल्यांना फोन केला, थोडी जागा देता का? ते नको म्हणाले. परत विचारलं. तेपण अ‍ॅडजस्ट झाले."

"आणि हे?" मकरंदने पडवळांकडे बोट दाखवलं.

"भाजीवाल्याकडे कोबी मागितला. तो म्हणाला, नाही. हा म्हणाला, असं कसं, बघा ना जरा आत. तो परत नाही म्हणाला. ह्यानं परत विचारलं. शेवटी तो माणूस रडकुंडीला येऊन त्याच्याकडे जे काही होतं ते सगळं टेंपोत घालून देऊन गेला. आज पडवळाचं सांबार, पडवळाची भजी, पडवळाची कोशिंबीर आहे. खीरपण करून बघतायत."

आपला पहिला नियम मकरंदला लख्ख आठवला. समोरून. पहिल्यांदा. नकार.

"अरे, मग बंद करा त्याला!"

"बंदच होत नाही सर!" प्रणीत म्हणाला. त्याने पुन्हा लॅपटॉपवर हुकूम सोडला. यजमानाचा गोड आवाज कोठीत घुमला. "बंद करायचं? एवढ्यात? संकोच करू नकोस प्रणीत, अजून दोन फोन करते."

"मी मालक आहे ना, मीपण सांगून बघितलं," नरसिंहराव म्हणाले. "बेडा, नको म्हटलं. साकु, पुरे म्हटलं. तर मला विचारतोय, मालक, जेवलात का? आता इतक्या प्रेमानं कुणी विचारल्यावर त्याच्या तोंडावर काय सांगणार? आमच्या घराण्यात ते नाही."

"तीनदा नको म्हणायचं आहे," मकरंद म्हणाला. "स्पष्ट. मध्ये थांबायचं नाही." तो लॅपटॉपपुढे उभा राहिला. "यजमान, आता पुरे. नको."

"मकरंद सर? तुमचं लिखाण रोज वाचते मी. काय सुंदर लिहिता! पुरे का म्हणता?"

मकरंदने चष्मा सारखा केला. "नको."

"तुमच्यासारख्या लेखकाने नको म्हणायचं? थोडं तरी चालू ठेवू?"

इतक्या वर्षांच्या लिखाणात कोणी असं बोललं नव्हतं. मकरंदच्या डोळ्यांपुढून पंप, गिझर आणि मिक्सर तरळून गेले. "बरं," त्याच्या तोंडून निघून गेलं, "थोडं चालू दे."

"सर!" प्रणीत ओरडला.

इतक्यात नरसिंहरावांच्या पत्नी अनुसूयाक्का झारा हातात घेऊन कोठीत आल्या. सकाळपासून त्या पडवळ चिरत होत्या. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं, झारा उगारला आणि एका दमात म्हणाल्या, "बेडा, बेडा, बेडा!"

"बरं," यजमान म्हणाला, आणि शांत झाला.

त्या शांततेत जेवणाच्या हॉलमधून नयनाची किंकाळी ऐकू आली. मकरंद धावला. पंगतीच्या टोकाला, रांगोळी काढलेल्या केळीच्या पानासमोर, रेशमी कुर्ता घालून मधुकरराव बसले होते. शेजारी त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी होते, तेही सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. मधुकररावांच्या हातात जिलबी होती. समोर नयना कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बाबा! फोन का नाही उचललात? आणि तुम्ही तर काही करायचं नाही म्हणालात!"

"फोन घरीच राहिला. आणि हो, म्हणालो ना. तुला म्हणालो. तू बरं म्हणालीस." मधुकरराव जिलबीकडे बघत म्हणाले. "कारखान्याच्या कार्यक्रमांना मी पूर्वी हे मंटप घ्यायचो, त्यांच्या यादीत माझं नाव होतं. इथून त्या बाईचा फोन आला. पंचाहत्तरी आहे, याल का? मी म्हटलं, नको. तिनं परत विचारलं."

"म्हणजे?"

"परत विचारलं. मित्रांनाही बोलवा म्हणाली." त्यांनी जिलबी पानावर ठेवली. "तुझी आई होती तोवर मला एकदा नको म्हणून कधी सुटका मिळाली नव्हती, नयना. दोनदा, तीनदा, मग वाटीत पडायचंच. त्या भरवशावर मी आयुष्यभर नको म्हणत आलो. ती गेली, आणि मी नको म्हटलं की लोक खरंच भांडं झाकायला लागले. आता या वयात स्वतःहून हो म्हणायची सवय कुठून आणू?"

आई गेल्यापासून आठ वर्षं दर रविवारी झाकलेली भांडी नयनाला आठवली आणि तिचे डोळे भरून आले. मग तिने वाढणाऱ्याच्या हातातली परात घेतली आणि वडिलांच्या पानासमोर वाकली.

"अजून एक, बाबा."

"नको."

"बाबा, एक."

"नको गं, पोट भरलं."

"माझ्यासाठी."

"बरं, अर्धी," मधुकरराव म्हणाले. तिने दोन वाढल्या.

मकरंद हे बघत होता, आणि त्याचंही मन भरून आलं होतं. पण मागून नरसिंहराव आले आणि प्रणीतला म्हणाले, "हे बघ, लोक जेवतायत, सुखात आहेत, ते सगळं सरी, ठीकच. पण मला पडवळाची दुकानदारी करायची नाही. तुझा यजमान मला बेडा." एवढं बोलून ते साखरपुड्याच्या मंडळींचे हात जोडून आभार मानायला निघून गेले. प्रणीत पांढराफटक पडला. पहिलं गिऱ्हाईक गेलं होतं.

मकरंद पुढे झाला. चूक कोणाची ते त्याला स्पष्ट दिसत होतं, आणि हसबनीसांच्या घरात चूक झाली की माणूस ताठ मानेने बोलायचा.

"प्रणीत, ही चूक माझी. मी राजीनामा देतो."

आणि तो थांबला. सांगलीत अशा वेळी समोरचा माणूस, छे छे, काय बोलताय, असं म्हणतो. मग आपण परत म्हणायचं, नाही, देतोच. मग तो खांद्यावर हात ठेवतो आणि चहा येतो. प्रणीत मोबाइलमध्ये डोकं घालून पैसे घालणाऱ्यांना काय सांगायचं याचा विचार करत होता.

"सरी सर," तो वर न बघता म्हणाला. "मेल टाका."

मकरंद उरल्यासुरल्या मानाने चपला शोधायला गेला.

संध्याकाळी घरी, सोफ्यावर बसून त्याने राजीनामा लिहिला. मधुकरराव बरोबरच आले होते, नयनाने त्यांना सोडलंच नव्हतं. राजीनामा लांबलचक आणि मुद्देसूद झाला. मकरंदने तो ऑफिसच्या अर्जांच्या पत्त्यावर धाडला. हेही कोणी वाचणार नाही, असा विचार त्याच्या मनात आला तोच उत्तर आलं. अर्ज बघणाऱ्या एजंटाचं होतं.

"मकरंद सर, आपलं पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. फार नेटकं लिहिलंय. पण आपण पहिल्यांदाच जातो म्हणताय, तेव्हा हे खरं मानता येत नाही. राहा ना."

मकरंद चष्मा पुसून परत वाचायला लागला. यशवंतपूरचा यजमान अनुसूयाक्कांनी बंद केला होता. ऑफिसातल्या या एजंटाला कोणी काही सांगितलंच नव्हतं. त्याच्याकडे अजून पहिला नियम जसाच्या तसा होता.

पण मानी माणसाला असं लगेच वळता येत नाही. त्याने लिहिलं, "नाही. राजीनामा देतोच आहे."

"संकोच करू नका सर. आपण गेलात तर आम्ही वाचायचं काय?"

नयना खांद्यावरून वाचत होती. "आता काय लिहिणार?"

मकरंदचं बोट हवेत राहिलं. नियम त्याचाच होता. तिसऱ्यांदा नकार दिला तर तो खरा नकार. वाचक शब्दाला पक्का होता, यात काही शंका नव्हती.

"मकरंदराव," आरामखुर्चीतून मधुकरराव म्हणाले, "जायचंय का तुम्हाला?"

"नाही हो, बाबा."

"मग तिसऱ्यांदा नको म्हणायचं नसतं. मला विचारा."

मकरंदने लिहिलं, "बरं. एवढा आग्रह करताय तर थांबतो." आणि मग उठून त्याने टेबल इन्स्पेक्टरचं आपलं लिखाण उघडलं, पहिल्या नियमात 'समोरून'च्या जागी 'टेबलाकडून' असं लिहिलं, आणि ते यशवंतपूरच्या यजमानाला पाठवलं. अर्ज बघणाऱ्या एजंटाची प्रत मात्र त्याने तशीच राहू दिली.

सोमवारी तो ऑफिसात गेला तेव्हा प्रणीत खुर्चीत विरघळून बसला होता. मकरंदला बघून त्याला आश्चर्य वाटलं नाही. राजीनामा आला, राजीनामा परत गेला, हे त्याला एजंटाने कळवलं होतं.

"राहिलात ते चांगलं झालं सर, पण उपयोग काय? मामांचं काम गेलं. यजमान दुरुस्त झाला, मी बघितलं. आता एकदा विचारतो आणि गप्प बसतो. पण मामा बेडा म्हणालेत."

मकरंदने बॅग खाली ठेवली नाही. "किती वेळा म्हणाले?"

"एकदा. तुमच्यासमोरच की."

"एकदाच ना?" मकरंद म्हणाला. "उठ. अनुसूयाक्कांसाठी कोबी घेऊ वाटेत, आणि यशवंतपूरला जाऊन येऊ."